झाकलेला कीबोर्ड

तिसऱ्या ओळीत ‘सोमवारी’चा काना राहिला आणि मावशींचे हात जागच्या जागी थांबले.

परीक्षा तशी साधी होती. दहा ओळींची एक सूचना टाइप करायची, सेव्ह करायची आणि छापून सरांच्या हातात द्यायची. वेळ अर्धा तास. पास झाल्या तर संगणक वर्गाच्या दारातलं नोंदणीचं टेबल मावशींचं, म्हणजे खुर्चीवर बसून काम. नापास झाल्या तर सात वर्षं चाललंय तेच पुढे चालू: या वर्गाची साफसफाई, झाडू, फडकं, बादली. गुडघे तर केव्हाचे कुरकुरत होते. ती खुर्ची मावशींना हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

काना राहिला तर राहिला, पुसून घ्यायचा. त्यासाठी वर उजवीकडे बॅकस्पेसचं बटण असतं, डावीकडे तोंड केलेल्या बाणाचं. मावशींना ते डोळे मिटूनही सापडलं असतं. खोलीतल्या वीसच्या वीस कीबोर्डांचं एकूण एक बटण त्या दर शनिवारी कापसाच्या काडीने साफ करत. पण आज ते दाबायला मन धजेना.

त्याला कारण होतं. मावशींना नसत्या चौकशा फार. नवरा म्हणायचा, वर गेलीस तरी आधी विचारशील, इथली फडकी कुठे ठेवता. तर साफ करता करता त्या कीबोर्ड वाचायच्या. खिडकीजवळच्या संगणकावर बाणांच्या चार बटणांचा रंग उडालाय, म्हणजे तिथे बसणारे नुसते खेळतात. सहा नंबरवर कोणीतरी रोज बिस्किटं खातं. आणि वीसही कीबोर्डांवर सगळ्यात झिजलेलं बटण एकच, बॅकस्पेस. त्यावरून मावशींनी ठरवूनच टाकलं होतं की हे शिकाऊ लोकांचं बटण. ज्याला येतं, त्याला ते लागत नसणार. साफसफाई आटोपून मावशीही वर्गात शिकायला बसत, तेव्हा सर म्हणायचे, “चुकलं तर पुसा, घाबरायचं काय त्यात?” पण पडलेल्या पोराला ‘काही नाही झालं’ म्हणतात, तसलंच ते बोलणं.

खात्री करायला सरांचा कीबोर्ड बघायला हवा होता. तो मात्र सात वर्षांत एकदाही नजरेस पडला नव्हता. सर आपलं टेबल स्वतः पुसत आणि उठताना कीबोर्डवर आठवणीने कापड टाकत. मावशींनी ते कापड कधी उचललं नाही, पण तिथून जाताना दर वेळी पाय थोडा रेंगाळायचा. खाली बॅकस्पेस कोरं करकरीत असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

एरवी वर्गात चुकलं की सरांची पाठ वळेपर्यंत त्या थांबत आणि चोरून साखर खाल्ल्यासारखं पटकन ते बटण दाबत. आज सर समोरच बसले होते. आणि नोकरीच्या परीक्षेत शिकाऊंचं बटण दाबायचं म्हणजे आपल्या तोंडाने ‘मला येत नाही’ असं सांगणंच की.

पाच मिनिटं गेली, मग दहा. कर्सर त्या शब्दापाशी लुकलुकत होता. शेजारी आपापली परीक्षा देणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची पानं छापूनही झाली. मावशींना रडू यायला लागलं. या वयात हसं करून घेण्यापेक्षा आपली बादली बरी, असं म्हणत त्या उठल्या. सरांना एवढंच सांगायचं होतं, माझं नाव काढून टाका.

सर हजेरी टाइप करत होते. कापड घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. मावशींची नजर सवयीने खाली गेली. अक्षरं ठसठशीत, आकडे ठसठशीत, सगळा कीबोर्ड कालच दुकानातून आणल्यासारखा. वर उजवीकडचं एक बटण तेवढं गुळगुळीत झालं होतं. त्याच्यावर बाण नव्हता. काहीच नव्हतं.

“बोला मावशी, काय झालं?”

नाव काढायचं मावशी विसरूनच गेल्या. “सर, हे बटण असं कशाने झालं?”

सरांनी खाली बघितलं आणि ते चक्क ओशाळले.

“ते होय? अहो, हा तिसरा कीबोर्ड माझा. बाकी सगळं धडधाकट राहतं, हेच दर वेळी आधी जातं. म्हणून तर झाकून ठेवतो, उगाच कोणी हसायला नको. पण तुम्ही कशाला आला होतात?”

मावशी तोवर आपल्या खुर्चीकडे वळल्याही होत्या.

“किती मिनिटं उरलीत सर, तेवढं सांगा.”