वीतभर पाण्याखाली

पपईच्या पानाचा दांडा आतून पोकळ असतो, हे विजयमालाला आधीपासून माहीत होतं. प्रश्न होता तो किती लांब घ्यायचा.

कादंबरीत पाच हात लिहिलं होतं. अजित पाच हात खोल, तलावाच्या तळाशी बसला होता, कमळाच्या देठातून श्वास घेत होता. काठावर किल्लेदाराचे घोडेस्वार. पायरीवर एकटी हेमलता, स्वारांना म्हणत होती, ‘इथं फक्त पाणी आहे. हवं तर पिऊन जा.’ तिथंच प्रकरण संपलं होतं. पुढची एक्केचाळीस पानं राहिली होती आणि पुस्तक आज परत जायचं होतं.

"पाच हात?" काल जेवताना जगदेवदादा हसला होता. "मानूस हाय का मासा? असल्या थापा वाचाले आनखी आठ दिवस कायले पाह्यजे तुले? उद्या रिसोडच्या बाजाराले चाललो, मास्तरचं पुस्तक देऊन टाकतो."

"अन् थाप नसली तं?"

"तं ठेव मंग आठ दिवस."

म्हणून आज दुपारी तेरा वर्षांची विजयमाला परकर खोचून मळ्यातल्या हौदात उतरली होती. काठावर जगदेवची बायको, प्रयागवहिनी, मेथी निवडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. हे प्रकरण तिनं नणंदेकडून तीनदा वाचून घेतलं होतं.

"तुले काही झालं तं घरी काय सांगू मी?"

"पाच इसा मोज, वहिनी. मंग वेणी धरून वढ."

वहिनीला वीसपर्यंतच मोजता येई. दर विशीला मेथीची एक काडी बाजूला ठेवायची, असं ठरलं.

विजयमाला दोन हातांचा दांडा तोंडात धरून, नाक दाबून तळाशी बसली. वर हवा होती, मधे वाट मोकळी होती, पण छाती उघडेना. छातीवर ज्वारीचं पोतं ठेवल्यासारखं झालं. पहिली काडी ठेवायच्या आत ती धापा टाकत वर आली.

"थापच हाय म्हना," वहिनी हळूच म्हणाली.

"थांब ना!" विजयमालाचे डोळे लाल झाले होते आणि चमकत होते. "हवा तं येते. पान्याचा भार जास्त हाय. भार कमी केला पाह्यजे."

तिनं दांडा कापून अर्धा केला. मग हौदातल्या पायरीवर उताणी निजली, पोटावर दगड घेतला. तोंडावर वीतभर पाणी. वर शेवाळ, आणि शेवाळावर गळून पडलेली पपईची पानं, दांडे वर करून. त्यांतला तिचा दांडा कोणता, हे वहिनीलाही क्षणभर कळेना. मग एका दांड्यातून बारीक फुसफुस ऐकू आली. आत, बाहेर. आत, बाहेर.

एक काडी. दोन. तीन.

चौथी ठेवताना वहिनीनं मान वर केली. बांधावरून जगदेव येत होता.

तिनं पुस्तक मेथीच्या टोपल्यात सरकवलं. काही ठरवलं नव्हतं, हात आपोआप गेला.

"माला कुठी गेली वं? पुस्तक पाह्यजे मले. गाडी जुंपून तयार हाय."

 वहिनीच्या तोंडातून हेमलताच बोलली.

"इकडं फकत पानी हाय. पाह्यजे तं पिऊन जा."

जगदेवनं हौदाकडं पाहिलं. "हौदातलं? बैल समजली का मले?"

पाचवी काडी. आता वेणी धरून ओढायला हवं होतं. वहिनी हलली नाही. जगदेव वाकला आणि शेवाळ सारून खळाखळा हात धुऊ लागला. लाटा उठल्या. पानं हलली. एक दांडा बुडाला, पुन्हा वर आला. फुसफुस थांबली.

वहिनीचाही श्वास थांबला.

"अन् थ्या काड्या कायले बाजूले ठिवून राह्यली?"

"किडक्या हायेत."

रस्त्यावरून बदरुद्दीनची हाक आली. बाजाराला दोघं एकाच गाडीनं जात. "जगदेवभाऊ, चाल ना बाप्पा! बाजार उठल्यावर जाशीन का?"

"आलो रे!" जगदेवनं ओले हात धोतराला पुसले. "सांग तिले, पुढच्या बाजाराले पुस्तक नेल्याबिगर राहत नाही मी."

तो बांधापलीकडे गेला, गाडीची घुंगरं वाजली, आणि वहिनीनं दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. वेणी सापडायच्या आत विजयमाला स्वतःच उठली. केसांत शेवाळ, ओठ निळसर, तोंडभर हसू.

"कोनी तरी नळीत पानी घातलं! गिळलं मी. खोकलली नाही!"

"स्वारानं हात धुतले तुह्या डोक्यावर."

"कोन्या स्वारानं?"

वहिनीनं सांगितलं. ऐकता ऐकता विजयमाला हौदाच्या काठावर नाचायची तेवढी राहिली.

"किती झाल्या?"

"सात इसा. एक अंदाजानं."

"अंदाजानं? मंग सहाच धर."

तिनं वहिनीच्या पदराला हात कोरडे केले. टोपल्यातून पुस्तक काढलं. खुणेसाठी पानांत ठेवलेली पेन्सिल घेऊन ‘पाच हात’ खोडलं आणि वर नीट अक्षरात लिहिलं: वीतभर. केसांतला एक थेंब त्या शब्दावर पडला. तो तिनं फुंकर घालून वाळवला.

"ते राहू दे ना आता," वहिनी तिच्या खांद्याला खेटून बसली. "वाच लवकर. जिता हाय का नाही तो?"

"जिता हाय."

"पान उलटवलं नाही अजून. कशावरून सांगतं?"

विजयमालाच्या दातांवर दात वाजत होते.

"मी हाय ना!"