फरशीखाली

किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्यावर पेला उपडा ठेवून शेषेरावांनी कान लावला, तेव्हा खालून टकटक आली. मदत मिळेपर्यंत उशीर झाला. पुढं लातूरला क्लासच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं. टकटक त्याच्याही फरशीखाली पोचली. एका समुपदेशकानं विसरायला सांगितलं, दुसरा हसला. “तिसरा ऐकून घेतो म्हणं. चला भाऊ, न्हाईतर उचलून नेतो,” म्हणत दोस्त तय्यबनं त्यांना आणलं. खोलीत शिरताच शेषेरावांनी पिशवीतला पेला फरशीवर ठेवून कान लावला. टकटक. समुपदेशक खुर्चीवरून उतरून शेजारी बसला. “मला ऐकू येत नाही. सांगा, कोण आहे?” बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. “आरती. माझी लेक.” टकटक थांबली. शेषेराव दचकले. “सायेब, गप्प झाली! गेली का हो?” “तिच्याबद्दल सांगा.” “भाकरीचा पापुद्रा लई आवडायचा तिला...” खालच्या भयाण शांततेत ते बोलत राहिले.