वाटाड्याची पाच मिनिटं

“दादा, अजून किती?” बँकवाले काका गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले.

“झालंच. पाच मिनिटं,” वाटाड्या म्हणाला.

“तुमची पाच मिनिटं च्युइंगमची असतात हो! सकाळपासून चघळतोय, संपायचं नाव नाही.”

सगळे हसले आणि हसता हसता चालू लागले. थाप मारायची ती एवढ्याचसाठी. खरं अंतर सांगितलं की माणसाचे पाय गळतात. पाच मिनिटं म्हटलं की तोच माणूस तासभर चढतो. वीस वर्षं वाटाड्या हे एकच औषध सगळ्यांना पाजत आला होता.

बाई हसल्या नाहीत. बाई म्हणजे शाळेतल्या. छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळून निवृत्त झालेल्या. आठ जणांत त्या सर्वांत मागे आणि त्यांच्यामागे वाटाड्या. सहलीचा आज चौथा दिवस, पण त्यांच्याशी तो कामापुरतंच बोलला होता. आज त्यांना तळ्याकाठचा तो दगड दाखवायचा होता. गेल्या वर्षी याच सहलीत त्यांचे यजमान त्या दगडावर बसल्या बसल्या गेले. निदान वाटाड्याने घरच्यांना तसं सांगितलं होतं. ‘पाणी बघत बघत गेले. आम्ही सगळे जवळ होतो.’ दगडही त्याने हेरून ठेवला होता. चांगला सपाट, उन्हातला.

वळण आलं. पुढची मंडळी दिसेनाशी झाली. बाई श्वास घ्यायला थांबल्या.

“बाई, इथे नको. वारा फार आहे.”

“वारा कुठाय?” बाई म्हणाल्या. झाडाचं पानही हलत नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सबंध डोंगरात या वळणावरच तेवढी रेंज येते.

“मुलाचा मेसेज. ‘बाबांचं तळं पाहिलंस का?’” वाचून त्यांनी मान वर केली, आणि ती तशीच राहिली. समोर पत्र्याची पाटी होती. तळ्याकडे दाखवणाऱ्या बाणाचं टोक तुटलेलं, खालचा कोपरा दुमडलेला.

बाईंनी फोनवर जुनं काहीतरी शोधलं आणि फोन पाटीशेजारी धरला. यजमानांनी त्या दिवशी पाठवलेल्या फोटोत हीच पाटी होती. तुटकं टोक, दुमडलेला कोपरा. खाली दोन ओळी होत्या. ‘जरा बसलोय. झालंच, पाच मिनिटं.’ त्याखाली वेळ, बारा पन्नास.

“वर्षभर मला वाटत होतं, ही पाटी तळ्याकाठी आहे,” बाई म्हणाल्या. “इथून तळं किती?”

“झालं…” सवयीने तोंडातून निघूनही गेलं.

“खरं सांगा. मी रागावणार नाही.”

आवाज चढला नव्हता. दप्तरामागे लपलेल्या पोराला विचारावं तसा तो आवाज होता. वाटाड्याला त्यापुढे उभं राहवेना.

“सव्वा तास.”

“आणि हे इथे बसले.”

“छातीत भरून आलंय म्हणाले. मी म्हटलं, चढ आहे, होतं असं, बसा जरा. बाकीच्यांची चुळबुळ चालली होती. वाट एकच, चुकायचा प्रश्न नाही. म्हणून म्हटलं, आम्ही होतो पुढे, तुम्ही या सावकाश. झालंच…”

“पाच मिनिटं,” बाईंनी वाक्य पुरं केलं.

“मला वाटलं, येतील. तळ्यावर वाट पाहिली.” मग कुणी न विचारताच म्हणाला, “जेवलो आम्ही. मग खाली आलो.”

“इथे किती वाजता पोचलात?”

“चारला.”

“बारा पन्नास ते चार. किती झाले?”

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? पण त्या थांबल्या होत्या. बोटं मोजणाऱ्या पोरासाठी थांबावं तशा. घाई न करता, उत्तर न सुचवता.

“तीन तास,” तो म्हणाला. “तीन तास दहा मिनिटं.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पाठीवरची पिशवी उतरवली. पाटीच्या खांबाशी एक ओबडधोबड धोंडा होता, एका माणसापुरता. त्यावर त्या बसल्या. मुलाला उत्तर लिहिलं, एकेक अक्षर शोधत. लिहिता लिहिता ओठ हलत होते, म्हणून वाटाड्याला ते कळलं. ‘पाहिलं. फार छान आहे.’

“बाई, परत जाऊ या खाली. मी सगळ्यांना सांगतो.”

“कशाला? त्यांनी तळं बघायला नको? तुम्ही व्हा पुढे.”

“तुम्हाला इथे एकटं कसं सोडू?”

बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघू लागला.

वळणापलीकडून काकांची हाक आली. “दादा! अहो, अजून किती?”

वाटाड्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा हाक आली, पुन्हा हसणं ऐकू आलं. तो जागचा हलला नाही.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पदर सारखा केला आणि पाठ खांबाला टेकली.

“जा,” त्या म्हणाल्या. “चारला या.”