आता बरं वाटतंय

डॉक्टरबाईंनी माझा गुडघा छातीकडे दुमडून आत वळवला आणि मी ओरडलोच. जांघेचं दुखणं दोन वर्षांचं होतं आणि रविवारी फुटबॉलची फायनल होती. "दुखतं जांघेत, पण बिघाड खुब्याच्या सांध्यात आहे," त्या म्हणाल्या. "हा पाय रोज कोण ताणतं? त्यानंच चिघळलंय." शेजारी वडील मांडीवरची तेलाची बाटली सारखी फिरवत बसले होते. केरळातलं आमचं अख्खं मलप्पुरम त्यांना गुरुक्कल, म्हणजे कळरीचे आणि मालिशीचे गुरू, म्हणतं. आढ्याला बांधलेली दोरी धरून, पायांनी अंग तुडवून त्यांनी कितीतरी खेळाडू पुन्हा मैदानात उतरवलेत. "मीच ताणतो, मोबाइलवर बघून," मी घाईघाईनं म्हणालो. बाटली थांबली. "खोटं बोलतोय तो. मीच तुडवतो त्याला. रोज विचारतो, तर रोज म्हणतो, 'उप्पा, आता बरं वाटतंय.'" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "एकदा तरी खरंच बरं वाटलं होतं का रे?"