अक्काचा श्वास

दुपारी भव्या पाळण्यात निजली की संयोगिता सासऱ्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर लावी. चाळीसेक वर्षांपूर्वीची ती अमेरिकन जॅझ गायिका ओळ उचलण्याआधी हळूच श्वास घेई. संयोगिताला गाण्याहून तो श्वासच जास्त आवडे. कुणी अगदी जवळ सरकून बसावं आणि आता मनातलं काही सांगणार असावं, तसा.

"तुझ्या या अक्कालाच सांग की पोर सांभाळायला," पीण्या भागातल्या कारखान्यात दुपारपाळीला निघताना तिचा नवरा रणजीत चिडवायचा. जे. पी. नगरातल्या त्यांच्या कानडी गल्लीत वयानं मोठी बाई म्हणजे अक्काच, मग ती तबकडीवरची का असेना.

त्या दुपारी गच्चीवरची दुपटी आणायला जाताना संयोगिता फिरत्या तबकडीकडे बघून हसत म्हणाली, "अक्का, स्वल्प, थोडंसं लक्ष ठेवा हं हिच्यावर."

ती खाली आली तेव्हा वीज गेली होती. तबकडी थांबली होती. भव्या जागी होती, पण रडत नव्हती. आईवाचून घटकाभर न राहणारी पोर एकटीच खुदखुदत होती.

संयोगितानं तिला उचलून छातीशी धरलं. महिनाभर ती लेकीला "आई म्हण, आई" असं शिकवत होती, आणि लेक नुसती तिच्या ओठांकडे बघत राही.

आता भव्यानं आईच्या खांद्यावरून मागे पाहिलं, दोन्ही हात पसरले, आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला.

"अक्का."

संयोगिताच्या मानेशी, अगदी जवळ, कुणीतरी हळूच श्वास घेतला. ओळ उचलण्याआधी घेतात तसा.