आकड्याखालची ओळ

मोठ्या ऑपरेशनसाठी लोकांना सरासरी किती थांबावं लागतं, तो सरकारी आकडा थोड्याच वेळात जाहीर व्हायचा होता. पत्रक तयार होतं, पण सांख्यिकी कार्यालयातली सहायक अधिकारी साहेबांच्या टेबलासमोरून हलायला तयार नव्हती.

"सर, ऑपरेशनं वाढलेली नाहीत. जे सगळ्यात जास्त थांबले होते ते वारले, त्यांची नावं यादीतून निघाली, म्हणून सरासरी खाली आली. तेवढी एक टीप तरी राहू द्या."

"आकडा बरोबर आहे ना? मग त्याला शेपूट कशाला?"

साहेबांनी टीप खोडली आणि पत्रक पाठवून दिलं.

संध्याकाळी घरी आले तर वडील भलतेच खुशीत. हृदयाच्या ऑपरेशनसाठी तेही त्याच यादीत होते, आणि नंबर लागेना म्हणून साहेब उद्याच त्यांना खाजगी रुग्णालयात हलवणार होते.

"ते खाजगीचं राहू दे आता," वडील म्हणाले. "बातम्यांत सांगितलं, लवकर नंबर लागतायत. माझाही येईलच."

"अण्णा, त्या आकड्यावर विसंबू नका."

"का रे? तुझ्याच ऑफिसचा आहे ना?"

आणि उद्यासाठी भरून ठेवलेली पिशवी अण्णांनी रिकामी करायला घेतली.

 

पुढच्या महिन्यात सरासरी आणखी खाली आली, आणि तेरा दिवसांच्या सुतकाच्या रजेवरून परतलेल्या साहेबांनी कोणी काही म्हणायच्या आत ती टीप स्वतःच्या हाताने लिहिली.