पालथी बादली

"काका, आज परत नुसता चहाचा चोथा? अहो, माणूस आहात की किटली?"

शीलाने बादली धर्मराजकाकांच्या नाकासमोर धरली. आत चमचाभर चोथा. बाकी ठणठणाट. सलग आठवा दिवस होता. काका दाराची कडी धरून हसले, पण हसण्यात काही दम नव्हता.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये ओला कचरा न्यायला शीला रोज सकाळी सातला यायची. कोणाकडे काल काय शिजलं, कोणाकडे पाहुणे आले, कोण नवऱ्यावर रुसून जेवलीच नाही, सगळं तिला बादलीवरून कळायचं. कोणी गावाला जाणार असेल तर बादली धुऊन दारात पालथी घालायची, हा नियम तिनेच लावलेला. पालथी बादली दिसली की ती बेल मारत नसे. यशोधराकाकू हॉस्पिटलात होत्या, ते पंधरा दिवस काकांची बादली पालथी होती. काकू काही परत आल्या नाहीत. सगळं आटोपून मुलगी किर्ती नाशिकला निघाली, तेव्हा जिन्यात शीलाचा हात धरून रडली होती. "मावशी, बाबा फोनवर जेवलो म्हणून खोटं सांगतील. बादली नाही सांगणार. मी दर रविवारी फोन करीन. तेवढं बघून सांगाल?"

"रविवारी सांगू का ताईला?" शीलाने आता दम दिला.

काकांचं हसू मावळलं. "नको गं बाई. ती येईल, घराला कुलूप लावील आणि मला घेऊन जाईल. बत्तीस वर्षं यशोधरा या घरात वावरली. मीही इथून गेलो तर तिचं काय राहिलं?"

"मग खा की चार घास!"

"खातो. उद्यापासून खातो."

आणि काय आश्चर्य! दुसऱ्या दिवशी बादलीत कांद्याची टरफलं. तिसऱ्या दिवशी मटारच्या शेंगा. मग दुधीच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, एकदा तर अंड्याची कवचंसुद्धा. शीलाला कोण आनंद! "आज काय बेत होता?" ती रोज विचारायची आणि काका साग्रसंगीत सांगायचे. फोडणी कशी करपली, मीठ जरा जास्तच कसं पडलं. रविवारी शीला किर्तीला सांगायची, "ताई, अगदी निर्धास्त राहा. बाबा मस्त जेवतात." किर्ती रडत रडत हसायची. काका मात्र वाळत चालले होते. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला होता. माणसाला दुःखही खातंच, असं म्हणून शीलाने मनाची समजूत घातली.

असा महिना गेला. त्या रविवारी काकांच्या बादलीत जाड, मातकट साली निघाल्या आणि भोकाभोकांचे बुडखे.

"अगंबाई, कमळकाकडी? सिंधी लोकांची भे तुम्ही कधीपासून करायला लागलात?"

"यूट्यूबवर बघून केली," काका म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने दार लोटलं.

वरच्या मजल्यावर लालवानी आंटी बादली हातात घेऊनच उभ्या होत्या. "शीला, ये बिल्डिंग में क्या चल रहा है? कल भे बनाई, इतने सारे छिलके डाले. अभी देखो, आधी बाल्टी खाली! रोज का हो गया है. बिल्ली होती तो मच्छी उठाती. छिलके कौन खाएगा?"

शीला जिन्यातच मटकन बसली. कांदा, मटार, दुधी, अंडी. महिनाभर ती किर्तीला शेजारणीचं जेवण सांगत होती.

ती तशीच खाली आली आणि दार ढकलून थेट स्वयंपाकघरात शिरली. ओटा कोरडा. तव्यावर कोळ्याचं जाळं. चहाचा कप आणि बिस्किटांचा पुडा, एवढाच काय तो संसार. काका मागे येऊन उभे राहिले.

"एकट्यासाठी कणीक मळवत नाही गं," ते खालमानेने म्हणाले. "बिस्किट चहात बुडवतो. बाकी घशाखाली उतरतच नाही. आंटींनी बादली बाहेर ठेवली की पहाटे त्यातलं थोडं आणतो. कचराच तो. चोरी नाही ना होत?"

शीलाला रडू फुटलं. रागही आला, त्यांचा आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"मावशी, आज काय होतं बादलीत?" किर्तीचा आवाज खुशीत होता.

काकांनी शीलापुढे हात जोडले. हात वर झाले तसं मनगटावरचं घड्याळ घसरत कोपरापर्यंत गेलं. शीला त्या घड्याळाकडे बघत राहिली.

"ताई, आजच्या आज या," ती म्हणाली. "बाबा महिनाभर जेवलेले नाहीत."

तिने फोन ठेवला. काकांचे हात अजून जोडलेलेच होते.

"घर राहील हो काका," शीला म्हणाली. "तुम्ही राहणार नाही."

तिने बादली रिकामी केली, तेव्हा काकांनी ती तिच्या हातातून घेतली, मोरीत नेली आणि घासून घासून धुतली. काकूंच्या जुन्या पातळाच्या फडक्याने पुसली. मग दाराबाहेर आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि बादली पालथी घातली.